उंदीरताई आणि शिंप्याची कंबर

उंदराला घाबरणाऱ्या बायका हव्या तेवढ्या सापडतील. खुर्चीवर चढून बसणारे बाप्येसुद्धा आहेत, फक्त ते कबूल करत नाहीत. पण उंदरांकडे बघून नवऱ्याच्या जिवाची धास्ती घेतलेली बाई तुम्ही पाहिली नसेल. ही त्या बाईची गोष्ट. गल्लीत तिला सगळे उंदीरताई म्हणायचे आणि तिला त्याचा राग यायचा नाही. ज्यांच्यामुळे चूल पेटते त्यांच्या नावानं कुणी हाक मारली तर वाईट कशाला वाटून घ्यायचं, असं तिचं म्हणणं.

एका मोठ्या संशोधन संस्थेत ती उंदीरघर सांभाळायची. आता उंदीरघर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं अडगळीची खोली आणि कुरतडलेल्या गोण्या येणार. छे! तिथं जायचं तर आधी बाहेरच्या खोलीत चपला बदलायच्या, मग केसांवर टोपी, तोंडाला मास्क, अंगात झगा, हातात मोजे. माणसाचं काही उंदरांना लागू नये म्हणून हा सगळा थाट. आत दोन्ही भिंतींना छतापर्यंत मांडण्या, मांडण्यांवर पारदर्शक पेट्या, पेटीत लाकडाचा भुसा, वर पाण्याची बाटली आणि जाळीत खाण्याच्या कांड्या. डाव्या हाताला नर, उजव्या हाताला माद्या. हवा खेळवणाऱ्या यंत्राची सारखी घरघर. नव्यानं लग्न होऊन आली तेव्हा ती पहिल्यांदा तिथं कामाला लागली होती, आणि पहिल्याच दिवशी एक उंदीर बाहीत शिरला म्हणून किंचाळत बाहेर पळाली होती. पुढं शेपटी न ओढता, दोन्ही हातांची ओंजळ करून उंदीर कसा उचलायचा ते शिकली. मग नवीन लागणाऱ्या प्रत्येकाला तीच शिकवू लागली.

तिच्या खोलीतले उंदीर म्हातारे होते. म्हणजे मुद्दाम म्हातारे होऊ दिलेले. प्रयोग मॅडमांचा. मॅडम वयानं हिच्यापेक्षा लहान, शिक्षणानं डोंगराएवढ्या आणि स्वभावानं चांगल्या. नराला आणि मादीला तेच खाणं, तेच पाणी, तीच हवा दिली तर वय वाढताना कुणाचं अंग कसं बदलतं, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून ठरलेल्या दिवशी एकेक उंदीर आधी काट्यावर जायचा आणि मग एका यंत्रात. उंदीरताई त्याला ओंजळीत घेऊन पारदर्शक नळीत सोडायची आणि नळी यंत्रात सरकवायची. थोड्या वेळात पडद्यावर यायचं, अंगात चरबी किती, मांस किती, मोकळं पाणी किती. "काटा नुसतं वजन सांगतो, ताई," मॅडम म्हणायच्या. "ते वजन कशाचं आहे ते हे यंत्र सांगतं."

बघून बघून तिला सगळं पाठ झालं होतं. नर लवकर वाढायचे, माद्यांना मागं टाकायचे, मान जाड व्हायची, पेटीत दादागिरी करायचे. मग एका वयानंतर उतरण लागायची. आधी चरबी जायची, मग मांस, मग पाठीला पोक यायचं आणि केस विस्कटायचे. माद्यांचं सगळं सावकाश. नर उतरायला लागले तरी त्या आपल्या भरतच असायच्या, आणि म्हातारपणी गोल गरगरीत होऊन भुशात बसून राहायच्या. "बायकांचं बरं असतं," असं म्हणून उंदीरताई हसायची.

तिचं हे हसणं एका विजारीनं बंद केलं.

तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, खिडकीशी शिवणयंत्र. माणूस महा बडबड्या, मापं घेता घेता गिऱ्हाइकाची टर उडवणारा, आणि अंगानं चांगला थोराड. एका संध्याकाळी ती कामावरून आली तर हा आपलीच विजार उलटी करून कंबर उसवत बसलेला.

"काय हो, ही तर मागंच आत घेतली होतीत ना?"

"घेतली होती. पुन्हा घेतोय. पट्टा आवळून आवळून चुण्या पडायला लागल्या." तो हसला. "वय झालं की माणूस हलका होतो, उंदीरबाई. उडून जायला सोपं."

ती दारातच उभी राहिली आणि त्याच्याकडे पेटीतल्या जनावराकडे बघावं तशी बघू लागली. मानेवरचं मांस ओसरलेलं. सदऱ्याच्या खाली खांद्याची हाडं वर आलेली. पाठ वाकलेली. आता पाठ तर त्याची तरुणपणापासून वाकलेली होती, जन्मभर यंत्रावर वाकणाऱ्या शिंप्याची पाठ काय काठीसारखी असणार? पण एकदा भीती अंगात शिरली की ती असलं काही ऐकून घेत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी पेट्यांतला भुसा बदलता बदलता तिनं मॅडमांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, नर एकदा उतरायला लागला की पुन्हा भरतो का हो?"

मॅडमांचे डोळे पडद्यावर. "म्हातारा असेल तर सहसा नाही."

"चांगलंचुंगलं खायला घातलं तरी?"

"खातात की ते. खाऊनसुद्धा उतरतात. एकदा मांस जायला लागलं की मग फार दिवस काढत नाहीत." मग त्या वळल्या. "का? कुठल्या पेटीतला?"

"नाही, असंच आपलं."

"माद्या मात्र बराच काळ धरून ठेवतात," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

त्या बिचाऱ्या उंदरांबद्दल बोलत होत्या. हिनं 'नवरा' एवढा एक शब्द उच्चारला असता तर हातातलं टाकून त्यांनी तिला डॉक्टरकडे पिटाळलं असतं. पण हिची दातखीळ बसलेली. तोंडातून काढलं की ते खरं होईल, आणि डॉक्टरकडे नेलं की तो तेच सांगेल जे हिला आधीच ठाऊक आहे, असं तिनं मनाशी धरून ठेवलं. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं असतात, हिनं एका विजारीवरून थेट स्मशान गाठलं.

उंदीरघरात उतरलेल्या जनावरासाठी एक रीत होती. अशा उंदराला मान वर करून जाळीतली कांडी कुरतडायला जमत नाही, म्हणून कांड्या पाण्यात भिजवून त्यांचा मऊ लगदा करायचा आणि पेटीच्या तळाशीच ठेवायचा. तीच रीत तिनं घरी आणली. सकाळी दुधात साखर, तीही चमचा उभा राहील इतकी. दुपारी केळी. संध्याकाळी दुधात पाव कुस्करून वर मध. शिंपी आधी एकदम खूश. "लग्न झाल्या झाल्या केले नाहीत एवढे लाड चाललेत," तो म्हणायचा. "चारून चारून मला बाजारात उभा करणार आहेस काय गं?"

तो खायचा, ताटलीसुद्धा पुसून घ्यायचा, वर घटाघटा पाणी प्यायचा, पुन्हा प्यायचा, आणि तरी उतरायचा. जितकं जास्त चारावं तितका जास्त उतरायचा. खाऊनसुद्धा उतरतात. मॅडमांचं ते वाक्य तिच्या डोक्यातून हलेना. भांडी घासताना तेच, पेट्या उचलताना तेच. नवरा शिंकला तरी ती हातातलं काम टाकून धावायची. तो दुपारी जरा आडवा झाला की छाती वरखाली होतेय ना, हे बघायला ती दारातून दोनदा डोकावून जायची.

मध्येच एकदा नणंद आली. तिची जीभ म्हणजे दोन्हीकडून धार. "काय गं वहिनी, दादाच्या वाट्याचं तूच खातेस की काय? तो वाळत चाललाय आणि तू फुगत चाललीस!" उंदीरताईनं ओठांवर हसू आणलं आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारून आली. खरं म्हणजे तिला जेवण जातच नव्हतं. चार घास खाल्ले की पोट तट्ट व्हायचं. भीतीनं भूक मेली, असं ती स्वतःला सांगायची. आता भूक मेलेली बाई फुगते कशी, हा प्रश्न नणंदेला पडला नाही, आणि हिलाही पडला नाही.

त्याच सुमाराला तिचा कुडता पोटावर दाटायला लागला म्हणून शिंप्यानं तिला यंत्राजवळ उभं केलं. तोंडात टाचण्या धरून त्यानं टेप फिरवली आणि म्हणाला, "गंमत बघ हं. पोटाला दोन बोटं सोडायला लागतायत आणि दंडाला आत घ्यायला. इतकी वर्षं मापं घेतोय मी, जाडी माणसं सगळीकडून जाडी होतात. तुझं सगळं उफराटंच."

"माझं मरू द्या हो," ती म्हणाली. "तुम्ही दूध घेतलंत का?"

डाव्या भिंतीच्या वरच्या ओळीत एक नर होता, त्याला ती पैलवान म्हणायची. भर वयात तो सगळ्या खोलीत सर्वांत वजनदार होता आणि हाताला चावायचा तो हातमोज्यासकट. एका सकाळी तिनं पेटी उघडली तर पैलवान कोपऱ्यात पोक काढून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले, मऊ लगदा तसाच पडलेला. ओंजळीत घेतलं तर हाताला नुसती हाडं लागली. तो चावलासुद्धा नाही. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "आता सुटका करू या याची." असं तिनं पुष्कळदा पाहिलं होतं, त्यात नवीन काही नव्हतं. पण त्या दिवशी ती कपडे बदलायच्या खोलीत बाकावर जाऊन बसली ती टोपी-मोजे काढायचं विसरूनच. आज पैलवान आणि उद्या... पुढचा शब्द तिनं मनातसुद्धा येऊ दिला नाही.

घरी आली तर शिवणयंत्र बंद. शिंपी खिडकीत उजेडाकडे तोंड करून बसलेला, एका हातात सुई, दुसऱ्या हातात दोरा. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचा, सुईकडे न्यायचा आणि चुकायचा. पुन्हा ओलं करायचा, पुन्हा चुकायचा. हा माणूस डोळे मिटून सुई ओवणारा.

"दिसेना झालंय गं मला," तो हळूच म्हणाला. त्यात थट्टा नव्हती.

"चला, उठा."

"कुठं?"

"डॉक्टरकडे. आत्ताच्या आत्ता."

"अगं, गिऱ्हाईक यायचंय."

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात!" ती ओरडली. ती इतक्या जोरात ओरडली की शिंपी खरोखरच मुकाट्यानं उठला.

दवाखान्यात त्यांचा नंबर येईपर्यंत बाकावर बसून तिनं मनातल्या मनात नवऱ्याला मारलं, दहा माणसं गोळा केली, शिवणयंत्र विकलं आणि रिकाम्या खिडकीत एकटी बसूनही घेतलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते उगीच नाही. आत डॉक्टरीणबाई, वयस्कर, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी शिंप्याला तपासलं, बोट टोचून रक्ताचा थेंब घेतला, छोट्या यंत्रावर आकडा बघितला आणि भुवया उंचावल्या.

"पाणी फार पिता? रात्री सारखं उठावं लागतं? वजन उतरलंय? डोळ्यांपुढं अंधुक होतं?" प्रत्येक प्रश्नाला शिंपी मान हलवत गेला. "साखर आहे तुम्हाला. थोडीथोडकी नाही, भरपूर. गोड काय काय खाता?"

"ते हिला विचारा."

तिनं चाचरत सांगितलं. साखरेचं दूध, केळी, मध. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो बाई, तुम्ही त्यांना बरं करत होता की पोचवत होता?"

"पण ते... राहतील ना हो?"

"न राहायला काय झालं? काही तपासण्या करून घेऊ. गोळ्या घेतील, गोड सोडतील, चालायला जातील. वजन पुन्हा भरेल. डोळेही निवळतील हळूहळू."

भरेल! उतरलेला नर पुन्हा भरेल! तिला एकदम रडूही आलं आणि हसूही आलं, आणि त्या भरात तिनं सगळं सांगून टाकलं, विजार, मॅडम, भिजवलेल्या कांड्या, पैलवान, सगळं. शिंपी आ वासून ऐकत होता. "म्हणजे इतके दिवस तू मला उंदीर समजत होतीस?" तो म्हणाला. "आणि मी आपला बायको प्रेमात पडलीय म्हणून खात सुटलो!" डॉक्टरीणबाईही हसल्या. कित्येक दिवसांनी उंदीरताईला छातीभर श्वास घ्यावासा वाटला. तिनं तो घेतला, तर तो अर्ध्यावरच अडला.

डॉक्टरीणबाईंचं हसणं थांबलं होतं. त्या चष्म्यावरून तिच्याकडे बघत होत्या. "तुम्ही जरा इथं आडव्या व्हा बघू."

"मी? मला काय धाड भरलीय? उलट वजन वाढतंय माझं. वयानं वाढायचंच की. माद्यांचं..." ती थांबली. "बायकांचं तसंच असतं ना."

"व्हा तरी आडव्या. कपडे कधीपासून घट्ट व्हायला लागले?"

याचं उत्तर शिंप्यानं दिलं. टेप त्याची, मापं त्याची, त्यालाच ठाऊक. "पोटाला दोनदा सोडलं मी, डॉक्टरीणबाई. दंडाला मात्र आत..." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. आपण काय सांगतोय ते त्याचं त्यालाच ऐकू यायला लागलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पोटाच्या एका बाजूला तळहात ठेवला आणि दुसऱ्या बाजूनं बोटांनी टिचकी मारली. मग खाली दाबून बघितलं, आणि त्याच जागी पुन्हा दाबून बघितलं. जेवण किती जातं, विचारलं. चार घास, ती म्हणाली, यांची काळजी लागल्यापासून. "काळजीच्या आधी जात होतं का?" आधीचं तिला काही आठवतच नव्हतं. सगळं लक्ष त्याच्या कंबरेवर होतं.

डॉक्टरीणबाई हात धुवायला वळल्या तेव्हा त्यांनी जिथं दाबलं होतं तिथं तिनं स्वतःचा हात ठेवला. त्या हातांनी जन्मभर माद्या उचलल्या होत्या. चरबीची मादी हाताला मऊ लागते, बोटांखालून सरकते. आणि दुसरी एक असते, तीही गोल, तीही वजनदार, काट्यावर तिचा आकडा छान वाढत असतो. पण तिचं पोट पाण्याच्या पिशवीसारखं ताठ लागतं, आणि वर पाठीचा कणा बोटाला टोचतो. यंत्रात घातली की कळतं, चरबी गेलेली, मांस गेलेलं, वाढलंय ते पाणी. अशी मादी हाताला लागली तर ती मॅडमांचीसुद्धा वाट बघायची नाही. त्याच मिनिटाला पेटी बाजूला काढायची आणि डॉक्टरांना हाक मारायची. आजवर एकही तिच्या हातून सुटली नव्हती. आणि या एका मादीला, स्वतःलाच, रोज अंघोळ घातली, कपडे घातले, कामावर नेलं आणि आणलं, तिनंच.

तिनं हात काढून घेतला.

"पोटात पाणी झालंय," डॉक्टरीणबाई खुर्चीत बसून सरळ म्हणाल्या. "आणि खाली काहीतरी हाताला लागतंय. ते काय आहे ते बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, तुम्हीही काही ठरवून बसू नका. उद्या सकाळी मोठ्या इस्पितळात जा, सोनोग्राफी करा. उद्या म्हणजे उद्याच." चिठ्ठी त्यांनी शिंप्याच्या हातात दिली. त्यानं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि वाचता येत नव्हती तरी घडी न घालता तशीच धरून राहिला.

दोघं बाहेर आले. रस्त्यावर दिवे लागत होते, दुकानांत माणसं होती, कुणीतरी शिंप्याला ओळखीचं हसलं. त्याला ते दिसलं नाही. "तुला सांगतो, ती डॉक्टरीण..." त्यानं काहीतरी थट्टेचं सुरू केलं, आणि ते अर्ध्यावरच सोडून तो हातातल्या चिठ्ठीकडे बघत राहिला.

इतके महिने ती भीती एकटीनं पोसत होती. नवऱ्याला कळू नये म्हणून हसत होती, त्याच्यापुढं दूध ठेवत होती, आत जाऊन तोंडावर पाणी मारत होती. मघाशी दवाखान्यात तिला वाटलं होतं की संपली एकदाची. ती कुठली संपतेय! उंदीरताई रस्त्याच्या मध्यावरच थांबली.

"अहो," ती म्हणाली, "मला फार भीती वाटतेय हो."

उभ्या संसारात तिनं हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. शिंप्यानं भर रस्त्यात तिचा हात धरला, आणि दोघांपैकी कुणीच पुढं पाऊल टाकलं नाही, कारण घरी गेलं असतं तर उद्याची सकाळ लवकर आली असती.